इशरत जहाँ प्रकरण : खटला उभाच का राहिला नाही?

१५ जून २००४ रोजी पहाटे अहमदाबाद शहराच्या सीमेवर, कोतरपूर जलशुद्धीकरण केंद्राजवळ चौघांना चकमकीत ठार केल्याचे गुजरात पोलिसांच्या गुन्हे शाखेने जाहीर केले. निळ्या इंडिका मोटारीतून आलेले हे चौघे लष्कर-ए-तैयबाचे हस्तक असून तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्या हत्येचा त्यांचा कट होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्यांत मुंब्र्याची इशरत जहाँ होती. वय १९ वर्षे. माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयात ती विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकत होती. वडील वारले होते आणि शिकवण्या घेऊन ती घर चालविण्यास हातभार लावत असे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या आईने गुजरात उच्च न्यायालयात धाव घेतली. मागणी एवढीच होती, की आपली मुलगी कशी मारली गेली याचा तपास मारणाऱ्यांच्याच खात्याने करू नये. मागणी साधी वाटते. पण ती मान्य होऊन तपास सीबीआयकडे जाण्यास सात वर्षे लागली.

या काळात घडलेल्या घटना मुळातून पाहण्याजोग्या आहेत. सप्टेंबर २००९ मध्ये महानगर दंडाधिकारी एस. पी. तमांग यांनी हस्तलिखित अहवालात ही चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत त्याला स्थगिती दिली. पुढे न्यायालयानेच नेमलेल्या विशेष तपास पथकाने नोव्हेंबर २०११ मध्ये चकमक खरी नसल्याचे सांगितले आणि १ डिसेंबर २०११ रोजी तपास सीबीआयकडे सोपविण्यात आला. ३ जुलै २०१३ च्या आरोपपत्रात सीबीआयने पी. पी. पांडे, डी. जी. वंजारा, जी. एल. सिंघल यांच्यासह सात पोलिसांवर आरोप ठेवले. चौघे आधीपासूनच पोलिसांच्या ताब्यात होते आणि चकमकीचा देखावा उभा करण्यात आला, असे त्यात म्हटले होते.

इशरत लष्करची हस्तक होती काय, हा वाद या सर्व काळात वेगळाच धुमसत राहिला. केंद्र सरकारने २००९ मध्येच दोन महिन्यांच्या आत दोन वेगवेगळ्या सुरांची प्रतिज्ञापत्रे दिली. २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीने मुंबईच्या न्यायालयापुढे दूरदृश्य साक्षीत तिचे नाव घेतले. राजकीय पक्षांनी आपापल्या सोयीचे तेवढे उचलले. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा प्रश्न गौण होता. ताब्यातील व्यक्ती दहशतवादी असली तरी तिला ठार मारण्याचा अधिकार पोलिसांना नाही. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम.

मग खटला अडला कुठे? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ पाशी. सरकारी सेवकाने कर्तव्य बजावताना, किंवा ते बजावीत असल्याचे मानून, केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. सूडापोटी केलेल्या तक्रारींपासून प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण मिळावे, हा हेतू रास्तच आहे. पण ज्या खात्यावर आरोप आहे ते ज्या सरकारच्या हाताखाली, त्याच सरकारने परवानगी द्यायची, ही गोष्ट मृताच्या नातेवाइकांना कशी पटावी?

पांडे फेब्रुवारी २०१८ मध्ये दोषमुक्त झाले. वंजारा आणि एन. के. अमीन यांच्यावर खटला चालविण्यास गुजरात सरकारने परवानगी नाकारली आणि मे २०१९ मध्ये त्यांच्यावरील कारवाई थांबली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आईने विशेष न्यायालयाला पत्र लिहिले. लढण्याचे बळ उरले नाही, यापुढे आपण कामकाजात भाग घेणार नाही, दोषींना शिक्षा होईल हे सीबीआयने पाहावे, असा त्याचा आशय होता. उरलेल्या तिघांबाबतही परवानगी नाकारली गेली आणि ३१ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. ठार झालेले चौघे दहशतवादी नव्हते असे सूचित करणारे काही नोंदीवर नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

'दोषमुक्त' आणि 'निर्दोष' यांत फरक आहे. निर्दोष ठरतो तो साक्षीपुरावा तपासून झाल्यावर. दोषमुक्ती त्याआधीच, आरोप निश्चित होण्यापूर्वी मिळते. त्यामुळे सीबीआयचा पुरावा उलटतपासणीच्या कसोटीवर कधी लागलाच नाही. आणि पोलिसांचा दावाही नाही.

मुंबईतील रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैय्या प्रकरण याच्या उलट टोकाचे. २००६ मधील त्या चकमकीबद्दल २०१३ मध्ये तेरा पोलिसांना जन्मठेप झाली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रदीप शर्मा यांनाही दोषी ठरविले. तेथे मृताचा भाऊ स्वतः वकील होता आणि त्याने पहिल्याच दिवशी तारा व फॅक्स पाठवून लेखी पुरावा उभा करून ठेवला होता. मुंब्र्याच्या विधवेकडे हे ज्ञान कोठून असणार?

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील १९९५ ते १९९७ दरम्यानच्या सुमारे ९९ चकमकींवरील याचिकेत सोळा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. चकमकीचा तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी, नातेवाइकांना तत्काळ कळवावे, चकमकीपाठोपाठ बढती वा शौर्यपदक देऊ नये, ही त्यांतली काही. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने परवानगीच्या तरतुदीत एक भर घातली : सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही, तर परवानगी मिळाली असे समजले जाईल. इशरतच्या प्रकरणात मात्र सरकारने निर्णय घेतलाच होता. तो नकाराचा होता.