प्लेफर्डचे नाच: छापील ओळींपासून रंगणापर्यंत

जॉन प्लेफर्ड या लंडनच्या ग्रंथविक्रेत्याने १६५१ साली 'द इंग्लिश डान्सिंग मास्टर' हे पुस्तक काढले. त्यात शंभराहून अधिक नाच होते. प्रत्येक नाचाला एक एकेरी सुरावट आणि तिच्याखाली हालचालींच्या मोजक्या ओळी, एवढाच मजकूर. पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद होऊन दोनच वर्षे झाली होती आणि सत्ता नाचगाण्याकडे नापसंतीने पाहणाऱ्या प्युरिटनांच्या हाती होती, तरीही पुस्तक खपले. पुढच्या सुमारे पाऊणशे वर्षांत त्याच्या अठरा आवृत्त्या निघाल्या. नाव 'कंट्री डान्स' असले, तरी गिऱ्हाईक बरेचसे शहरी होते. लंडनच्या वकिली शिक्षणसंस्थांतील तरुणांचा तर प्लेफर्डने प्रस्तावनेतच उल्लेख केला आहे.

एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झ आणि पोल्का यांच्या लाटेत हे नाच मागे पडले. त्यांना पुन्हा उभे केले ते सेसिल शार्प (१८५९–१९२४) यांनी. 'द कंट्री डान्स बुक'चा पहिला भाग त्यांनी १९०९ साली खेड्यांत पाहिलेल्या नाचांवरून लिहिला. १९११ च्या दुसऱ्या भागात मात्र ते थेट प्लेफर्डकडे वळले. त्याच वर्षी त्यांनी इंग्लिश फोक डान्स सोसायटी स्थापन केली.

हे नाच पुन्हा उभे करण्यातली अडचण मूळ मजकुरातच आहे. वहीत उतरलेल्या बंदिशीवरून जसे गाणे उभे राहत नाही, तसेच या ओळींचे आहे: वाचणाऱ्याला नाचता येते, हे त्यांत गृहीतच धरलेले. चार पावले पुढे किंवा मागे जाऊन पाय जुळवले की 'डबल', दोन पावलांचे 'सिंगल', एवढे प्लेफर्ड सांगतो. पाऊल चालीचे, धावते की उडते, हे सांगत नाही. म्हणून संशोधक आधी सुरावटीतील मात्रा मोजतात, हालचाली त्यांत बसवून पाहतात, आणि उरलेल्या जागा समकालीन नृत्यग्रंथांच्या आधाराने भरतात. अनेक जुन्या नाचांची घडण तिहेरी आहे: आधी जोडीने पुढे-मागे जाणे, मग 'साइडिंग', मग 'आर्मिंग', म्हणजे हातात हात अडकवून फिरणे. या प्रत्येकानंतर त्या नाचाची खास अशी आकृती येते.

खरा वाद साइडिंगचा. मूळ पुस्तकात त्याचा निर्देश एक-दोन शब्दांत उरकलेला आहे. शार्प यांनी त्याचा अर्थ असा लावला: जोडीदार वळणदार वाटेने एकमेकांजवळून पलीकडे जातात आणि तसेच परततात. दिसायला ते अतिशय सुंदर आहे. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅट शॉ आदी नृत्य-अभ्यासकांनी अधिक साधी रीत मांडली: जागा न बदलता पुढे यायचे, खांद्याला खांदा भिडवून उभे राहायचे, मागे सरायचे, मग दुसऱ्या खांद्याने तेच. मूळ ओळींशी ही रीत अधिक जुळते. तरीही शार्प यांची रीत टाकून देण्याचे कारण नाही. पिढ्यान्‌पिढ्या नाचली गेल्याने तीही आता परंपरा झाली आहे. आजचे नृत्यनिर्देशक नाच सुरू होण्यापूर्वीच कोणती रीत घ्यायची ते सांगतात.

लांब रांगांच्या नाचांत आणखी एक बदल झाला आहे. पूर्वी फक्त वरची जोडी सुरुवात करी आणि एकेक टप्पा खाली सरके. बाकीच्या जोड्या आपली पाळी येईपर्यंत पाहत उभ्या राहत. आज सगळ्या जोड्या एकदम सुरू करतात. वेळ वाचतो, पण नाच हळूहळू रांगभर पसरत जाण्याची मौज हरवते. पुनर्रचनेत ही जुनी पद्धत निदान अधूनमधून तरी पाळावी.

काळाची गल्लत चित्रपट आणि मालिकांत सर्रास आढळते. 'मिस्टर बेव्हरिजेस मॅगट' हा नाच प्लेफर्डच्या पुस्तकाच्या १६९५ च्या आवृत्तीत आला. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही जेन ऑस्टेनची कादंबरी १८१३ ची. तिच्यावरील बीबीसीच्या १९९५ च्या मालिकेत नायक-नायिका हाच नाच नाचतात. ऑस्टेनच्या काळच्या नाचांसाठी टॉमस विल्सन यांचे १८०८ सालचे 'ॲन ॲनालिसिस ऑफ कंट्री डान्सिंग' हे पुस्तक उपलब्ध आहे.