‘आढळले नाही’ म्हणजे काय?

प्रयोगशाळेच्या अहवालात ‘आढळले नाही’ असा शेरा दिसला की आपण निर्धास्त होतो. पण या शेऱ्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे ती वस्तू नमुन्यात खरोखरच नाही. दुसरा म्हणजे ती आहे, पण ज्या पद्धतीने शोध घेतला त्या पद्धतीला ती दिसत नाही. २००३ साली बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत हा दुसरा अर्थ देशासमोर आला. तो समोर आणला दिल्लीतील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ (सीएसई) या स्वतंत्र धोरण-अभ्यास संस्थेने.

अशा संस्थांना ‘थिंक टँक’ म्हणतात. माहिती जमवायची, नियमांतील त्रुटी शोधायच्या आणि धोरण बदलण्यासाठी सरकारपुढे व लोकांपुढे पुरावा ठेवायचा, हे त्यांचे काम. सीएसईची स्थापना १९८० साली अनिल अगरवाल यांनी केली. आयआयटी कानपूरमधून अभियंता झालेले अगरवाल पुढे पत्रकारितेत आले होते. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर संस्थेची धुरा सुनीता नारायण यांच्याकडे आली. बहुतेक थिंक टँक इतरांनी जमवलेल्या आकडेवारीवर काम करतात. सीएसईने मात्र २००० साली स्वतःची तपासणी प्रयोगशाळा उभारली.

फेब्रुवारी २००३ मध्ये या प्रयोगशाळेने दिल्ली आणि मुंबई परिसरात विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद पाण्याचे निष्कर्ष जाहीर केले. त्यात कीटकनाशकांचे अंश होते. त्या वेळच्या भारतीय मानकानुसार पाण्यात कीटकनाशके ‘आढळता कामा नयेत’ असा नियम होता. वाचायला तो अगदी कडक वाटतो. पण तपासणीसाठी सांगितलेली पद्धत इतकी ढोबळ होती, की सूक्ष्म अंश तिच्यातून सहज निसटत. त्यामुळे पाण्यात कीटकनाशक असूनही बाटलीवर गुणवत्तेची मोहोर कायद्याने बसू शकत होती.

यात मोजायचे तरी किती असते? युरोपीय संघाच्या पाण्याच्या मानकानुसार एका लिटरमध्ये कोणतेही एक कीटकनाशक ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा आणि सर्व मिळून ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. ०.१ मायक्रोग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरच्या एक हजार टँकरमध्ये मिळून एक ग्रॅम! इतका अंश शोधण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. नमुन्यातील द्रव्यांची वाफ करून ती वायूच्या प्रवाहाबरोबर एका लांब, बारीक नळीतून सोडली जाते. प्रत्येक द्रव्याला पलीकडे पोहोचायला वेगळा वेळ लागतो. त्या वेळेवरून द्रव्य कोणते ते कळते आणि टोकाला मिळणाऱ्या संकेताच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण कळते.

५ ऑगस्ट २००३ रोजी संस्थेने पुढचा अहवाल मांडला आणि खळबळ उडाली. या वेळी १२ ब्रँडची शीतपेये तपासली होती. त्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस यांचे अंश सापडले होते आणि एकूण कीटकनाशकांचे सरासरी प्रमाण युरोपीय मर्यादेच्या ३० पटींहून अधिक होते. संसदेच्या उपाहारगृहात शीतपेये देणे बंद झाले. कंपन्यांनी निष्कर्ष साफ नाकारले. आपण कोणताही नियम मोडलेला नाही, असेही त्यांचे म्हणणे होते. आणि ते खोटे म्हणता येत नव्हते, कारण तयार शीतपेयात कीटकनाशक किती चालेल याची मर्यादा भारतीय नियमांत घातलेलीच नव्हती.

हा अंश बाटलीत आला कुठून? संशयाचे बोट भूजलाकडे गेले. शेतात आणि डासांविरुद्ध फवारलेली रसायने पावसाबरोबर जमिनीत मुरतात. कारखान्याची विंधन विहीर तेच पाणी वर खेचते आणि ते काटेकोरपणे शुद्ध केले नाही तर अंश पेयात उतरतात. एक बाटली प्यायल्याने कोणी आजारी पडणार नव्हते. प्रश्न दीर्घकाळ थोडे थोडे पोटात जाण्याचा होता. डीडीटी आणि लिंडेन शरीरातील चरबीत साठतात. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस मज्जासंस्थेला आवश्यक असलेल्या एका एन्झाइमवर परिणाम करतात.

उद्योगांची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नव्हती. भाज्या, दूध आणि धान्यातूनही कीटकनाशके पोटात जातात, मग शीतपेयावरच रोख का? त्यावर सीएसईचे उत्तर असे, की भाजी आणि दूध पोषण देतात, म्हणून तिथे काही जोखीम नाइलाजाने पत्करावी लागते. शीतपेय पोषण देत नाही, मग त्यासाठी जोखीम का पत्करायची?

सरकारने म्हैसूर आणि कोलकाता येथील प्रयोगशाळांत फेरतपासणी करवून घेतली. तिथे आढळलेले प्रमाण सीएसईच्या आकड्यांपेक्षा बरेच कमी होते, पण १२ पैकी ९ नमुने युरोपीय मर्यादेबाहेरच निघाले. वाद मिटेना, तेव्हा शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. याआधीच्या अशा समित्या बोफोर्स आणि रोखे बाजारातील घोटाळ्यांवर होत्या. आता विषय होता लोकांच्या आरोग्याचा. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने अहवाल दिला. शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचा सीएसईचा निष्कर्ष तिने योग्य ठरवला आणि तयार पेयांसाठी मानक ठरवावे, अशी शिफारस केली. बाटलीबंद पाण्यासाठी तर युरोपइतकीच कडक मर्यादा १ जानेवारी २००४ पासून लागूही झाली होती.

शीतपेयांचे मानक मात्र रेंगाळले. २००६ मध्ये संस्थेने १२ राज्यांतून ५७ नमुने घेऊन पुन्हा तपासणी केली. पहिल्या वेळी पद्धतीवर आक्षेप आले होते, म्हणून या वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीने द्रव्यांची ओळख पक्की केली. अंश पुन्हा सापडले.

पद्धतच अपुरी असेल तर काय होते, याचा धडा मधाच्या निमित्ताने पुन्हा मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये सीएसईने १३ ब्रँडच्या मधाचे निष्कर्ष जाहीर केले. बहुतेक नमुने देशात सक्तीच्या असलेल्या चाचण्यांत उत्तीर्ण होत होते, कारण भेसळीसाठी वापरायचा साखरेचा पाकच त्या चाचण्यांना चकवील असा बनवलेला होता. जर्मनीतील प्रयोगशाळेत ‘एनएमआर’ ही प्रगत चाचणी झाली, तेव्हा चित्र पालटले. सर्व चाचण्यांत फक्त ३ ब्रँड उतरले. कंपन्यांनी हेही निष्कर्ष फेटाळले.

म्हणून अशा संस्थेचा अहवाल आला की डोळे झाकून विश्वास ठेवू नये आणि ‘बदनामीचा कट’ म्हणून उडवूनही लावू नये. नमुने किती आणि कुठून घेतले, चाचणीची पद्धत जाहीर केली आहे का, तुलना कोणत्या मानकाशी केली, दुसऱ्या प्रयोगशाळेत काय निघाले आणि खर्च कोणी केला, हे पाहावे. संस्थेचा आकडा अंतिम असतोच असे नाही. २००३ मध्येही तो सरकारी प्रयोगशाळांच्या आकड्याशी जुळला नव्हता. तरीही त्या आकड्यामुळे सरकारला स्वतः तपासणी करावी लागली आणि नियमाची पोकळी उघडी पडली. मोहोर बसलेली बाटली हातात घेताना ‘नियमानुसार आहे ना?’ एवढेच विचारून भागत नाही. नियम नेमके काय मोजतो, हेही विचारावे लागते.