टाळी कोठे द्यावी?

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या सभागृहात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या श्रोत्याला संगीताचे जेवढे दडपण येत नाही, तेवढे टाळीचे येते. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात. एक भाग संपला की वादन थांबते, वादक पाने उलटतात आणि सभागृहात क्षणभर शांतता पसरते. अशा वेळी कोणी उत्स्फूर्तपणे टाळी वाजविली, तर पुढच्या रांगांतील माना मागे वळतात. टाळी द्यावयाची ती शेवटचा भाग संपल्यावरच, हा तेथील संकेत. तो सिंफनीइतकाच जुना आहे आणि तिच्या प्रकृतीतूनच उद्भवला आहे, असा अनेकांचा समज असतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्ना येथे बेथोव्हेनची सातवी सिंफनी प्रथम सादर झाली, तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग पुन्हा वाजवावयास लावला. त्याच शहरात ७ मार्च १८९७ रोजी ब्राम्सची चौथी सिंफनी हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली झाली. आजाराने खंगलेला ब्राम्स सभागृहात उपस्थित होता आणि प्रत्येक भागानंतर श्रोत्यांनी टाळ्यांचा गजर केला. महिन्याच्या आतच, ३ एप्रिल रोजी, त्याचे निधन झाले. त्या टाळ्या म्हणजे व्हिएन्नाने आपल्या संगीतकाराला दिलेला निरोपच होता. भागाभागांमध्ये मौन पाळण्याचा दंडक त्या दिवशी कोणी लागू केला असता, तर ब्राम्सच्या वाट्याला तो निरोप कितीसा आला असता?

हे श्रोते नेहमीच उदार होते असे नव्हे. १६ डिसेंबर १८७७ रोजी ब्रुकनरने आपल्या तिसऱ्या सिंफनीचे स्वतः संचालन केले, तेव्हा वादन चालू असतानाच लोक उठून जाऊ लागले आणि अखेरीस मूठभर श्रोतेच उरले. म्हणजे त्या काळचा श्रोता आवडले तर सांगे, न आवडले तरी सांगे. विसाव्या शतकात हे चित्र हळूहळू पालटले. रचना म्हणजे एक अखंड वास्तू, तिच्या मजल्यामजल्यावर गलबला नको, हा विचार मान्यता पावला. अमेरिकेतील विख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की यांनी तर १९२९ च्या सुमारास टाळ्यांच्या प्रथेवरच हल्ला चढविला.

या विचारात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. चायकोव्हस्कीच्या सहाव्या, ‘पॅथेटिक’ सिंफनीचे उदाहरण पाहावे. तिचा तिसरा भाग हा एक झंझावाती कूच आहे. त्याच्या अखेरच्या आघातांनंतर टाळ्या आवरणे अनुभवी श्रोत्यांनाही कठीण जाते. परंतु सिंफनी तेथे संपत नाही. त्यानंतर येतो तो विलापाचा संथ भाग, आणि तो खालच्या स्वरांतील तंतुवाद्यांवर विझत विझत नाहीसा होतो. कित्येक संचालक टाळ्यांना अवसरच न देता तिसऱ्यावरून थेट चौथ्या भागावर जातात. त्यांचा हेतू समजण्याजोगा आहे. तथापि चायकोव्हस्कीच्या काळी भागानंतर टाळी देण्याची रीत होती आणि ती त्यास ठाऊक होती, हेही विसरून चालणार नाही. विजयाच्या जल्लोषात श्रोता स्वतः सामील झाला असेल, तर पुढचा विलाप त्याला अधिकच एकाकी करून सोडतो. मौनाने जे साधते ते टाळीनेही साधू शकते.

याच सिंफनीचा पूर्वेतिहास आणखी एक गोष्ट शिकवितो. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे ती रचनाकाराच्या संचालनाखाली प्रथम सादर झाली. ती नापसंत झाली नाही. पण श्रोते बुचकळ्यात पडले, असे खुद्द चायकोव्हस्कीनेच आपल्या प्रकाशकास कळविले. नऊ दिवसांनी त्याचे देहावसान झाले. १८ नोव्हेंबर रोजी नाप्राव्हनिक यांच्या संचालनाखाली त्याच शहरात तीच सिंफनी पुन्हा वाजली आणि श्रोते विव्हळ झाले. अवघ्या एकवीस दिवसांत स्वर बदलले नव्हते. बदलला होता तो ऐकणारा. कारखान्यातून निघालेली वस्तू ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच पूर्ण झालेली असते. संगीत तसे नाही. त्याच्या निर्मितीचा अखेरचा टप्पा श्रोत्याच्या ठायी घडतो. ज्याच्यावाचून कृती पुरी होत नाही, त्यालाच सभागृहात उपरा ठरविणे कितपत योग्य?

या प्रश्नाला आर्थिक बाजूही आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, यंत्रसुधारणेने इतर उद्योगांत दर तासाचे उत्पादन वाढते. जिवंत कलेत ते वाढत नाही. ब्राम्सच्या सिंफनीला १८९७ साली जेवढे वादक आणि जेवढी मिनिटे लागत, जवळजवळ तेवढीच आजही लागतात. वादकांचे वेतन मात्र इतरांबरोबर वाढवावेच लागते. परिणामी केवळ तिकिटांच्या उत्पन्नावर वाद्यवृंद तगत नाही. त्याला शासनाचा, दात्यांचा वा संस्थांचा टेकू लागतो. हा टेकू समाजाकडून मागावयाचा आणि समाजातील नवख्याला मात्र टाळी चुकली म्हणून नजरेने दटावावयाचे, ही विसंगती होय. लाजून गेलेला श्रोता तक्रार करीत नाही. तो पुन्हा येत नाही, एवढेच.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला. २००६ साली नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय कला केंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात पेरलेले व्हायोलिनचे ताफे तर घराघरांत पोहोचले. तेव्हा तो नाद मराठी कानाला अनोळखी नाही. अनोळखी आहे ती सभागृहाची शिस्त. उलट मैफलीत वाढलेल्या रसिकाला समेवर ‘वाहवा’ कधी उमटावी आणि आलापीत श्वास कधी रोखावा, हे कोणी फलक लावून शिकविलेले नसते. चांगल्या दादेचे शिक्षण ऐकण्यातूनच होते, धाकातून नव्हे.

‘पॅथेटिक’चा अखेरचा स्वर विरल्यावर कधीकधी सारे सभागृह काही क्षण निश्चल राहते. ते मौन कोणत्याही नियमाने आणलेले नसते, म्हणूनच ते मोलाचे असते. ज्याला टाळी वाजविण्याची मोकळीक आहे, त्याच्याच मौनाला अर्थ असतो. वाद्यवृंदांच्या चालकांनी आणि जाणत्या श्रोत्यांनी एवढे ध्यानी घेतले, तर नवख्यासाठी ते दार उघडे राहील.