मोटोक्रॉसची गाडी किती बसावी ?

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, चढउतारांच्या आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या बंदिस्त मार्गावरील मोटारसायकलींची शर्यत होय. इंग्लंडांत सरे परगण्यांतील केंबर्ली येथें १९२४ सालीं झालेल्या शर्यतीपासून ह्या खेळाचा आरंभ धरतात. पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत २०२४ च्या जानेवारींत झालेली सुपरक्रॉसची शर्यत ही ह्याच कुळांतील. अशा शर्यतींत गाडी स्वारासह हवेंत उडते आणि पुन्हां जमिनीवर आदळते. मागच्या बाजूचा तो आघात एक स्प्रिंग आणि तिच्या पोटांतील तेलाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर ह्यांस सोसावा लागतो.

पूर्वीं ही व्यवस्था इतकी सोयीची नव्हती. १९७० च्या सुमारास मागच्या चाकास वरखालीं होण्याची मोकळीक जेमतेम १०० मिलिमीटर असे. बेल्जियमचे लुसियां तिल्केन्स ह्यांनीं दोन बाजूंच्या दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बरांऐवजीं एकच बसविण्याची युक्ति काढली. ती यामाहा कंपनीनें घेतली, आणि त्या रचनेच्या गाडीवर स्वीडनच्या हाकान आंदरसन ह्यानें १९७३ सालीं २५० सीसी वर्गाचें जगज्जेतेपद मिळविलें. आज मोठ्या गाड्यांत ही मोकळीक ३०० मिलिमीटरांच्या आसपास असते. मोकळीक वाढली आणि तिच्याबरोबर एक प्रश्न आला : स्वार नुसता बसल्यानें तिच्यांतील किती भाग खर्ची पडावा ?

ज्यांनीं बैलगाडी हांकली आहे त्यांस ह्या प्रश्नाचें मर्म चटकन् कळेल. ओझें मागें जास्त झालें कीं गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें. पुढें जास्त झालें कीं तेंच जूं बैलांच्या मानेवर दाबतें. मोटारसायकलीचेंहि तसेंच आहे. मागची बाजू फाजील बसली तर पुढचें चाक हलकें पडतें आणि वळणावर गाडी बाहेर बाहेर जाते. ती पुरेशी बसली नाहीं तर भार पुढच्या चाकावर येतो; गाडी वळते चटकन्, पण भरवेगांत हँडल थरथरूं लागतें. अवघ्या पांच-दहा मिलिमीटरांचा फरकहि सरावलेल्या हातांस जाणवतो. स्वारासह मागची बाजू जितकी खालीं बसते तिला ह्या खेळांत ‘सॅग’ म्हणतात. मोठ्या गाड्यांत ती सुमारें १०० ते १०५ मिलिमीटर, म्हणजे एकंदर मोकळिकीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ठेवतात.

मोजणी सोपी आहे, पण एकट्याची नव्हे. तीन माणसें हवींत. प्रथम गाडी स्टँडवर उचलून मागलें चाक अधांतरीं ठेवावें आणि चाकाच्या आंसापासून सरळ वर, मडगार्डावर केलेल्या खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. समजा, तें ६१० मिलिमीटर भरलें. मग गाडी जमिनीवर उतरवून मागून दोन-तीनदां दाबून सोडावी आणि स्वार न बसतां तेंच अंतर घ्यावें. तें ५७५ भरलें, तर गाडी आपल्याच वजनानें ३५ मिलिमीटर बसली. शेवटीं स्वारानें शिरस्त्राण, बूट, छातीचें कवच वगैरे सर्व सामग्रीसह बसावें. एकानें हँडल धरावें, दुसऱ्यानें मोजावें. आतां अंतर ५०७ आलें, तर सॅग १०३ झाली. घरच्या कपड्यांत मोजणारे पुष्कळ आहेत. अंगावरची सामग्री कित्येक किलोग्रॅम भरते, हें ते विसरतात.

स्प्रिंगच्या वर आट्यांवर फिरणारें एक कडें असतें. तें आंवळलें कीं सॅग कमी होते, सैल केलें कीं वाढते; एका फेऱ्यानें साधारणपणें ३ मिलिमीटरांचा फरक पडतो. आट्यांवरील चिखल आधीं धुवावा आणि आंकडीच्या पान्यानेंच कडें फिरवावें. छिन्नी-हातोडा घेऊन तें ठोकणारांस गाडीची दया नसते.

येथपर्यंत बहुतेकांस ठाऊक असतें. खरी मौज दुसऱ्या आंकड्यांत, म्हणजे स्वाराशिवायच्या त्या ३५ मिलिमीटरांत आहे. समजा, भारदस्त स्वारास मऊ स्प्रिंग मिळाली. कडें आंवळीत आंवळीत त्यानें १०३ चा आंकडा साधला खरा. परंतु स्प्रिंग इतकी दाबून बसविल्यावर रिकाम्या गाडीच्या वजनाला ती फारशी दाद देत नाहीं, आणि दुसरा आंकडा १०-१२ वर येतो. पाहणारा म्हणतो, “गाडी बसत नाहीं, स्प्रिंग फार कडक दिसते!” वस्तुस्थिति अगदीं उलट असते. तसेंच, हलक्या स्वारानें कडक स्प्रिंगचें कडें सैल करून १०३ साधले, तर रिकामी गाडी ५० पर्यंत बसते आणि स्प्रिंग मऊ असल्याचा भास होतो. कडें फिरवून स्प्रिंगची ताठरता बदलत नाहीं. बदलतो तो केवळ तिचा आरंभींचा दाब. म्हणून स्वारासह सॅग बरोबर असतां रिकामी गाडी सुमारें ३० ते ४० मिलिमीटर बसली, तरच स्प्रिंग त्या स्वाराची समजावी. हे ३०-४० मिलिमीटर वायां जात नाहींत. खळगा आला कीं चाक तेवढें खालीं उतरून जमीन धरून ठेवतें. ती सोय नसली तर गाडी मागून उसळते आणि स्वारास पुढें फेंकूं पाहते.

पालकांनीं ह्याचा विशेष विचार करावयास हवा. कारखान्यांतून येणारी मोठ्या गाडीची स्प्रिंग बहुधा ७५ ते ८५ किलोग्रॅम वजनाच्या स्वारासाठीं असते. मुलांच्या ६५ व ८५ सीसीच्या गाड्यांतहि कोणतें तरी वजन धरलेलें असतें. त्यांची मोकळीक कमी असल्यामुळें आंकडेहि लहान असतात, ते त्या त्या गाडीच्या पुस्तिकेंतून घ्यावे. आपण मुलांस सदरे वाढत्या अंगाचे शिवतों. बाही दुमडतां येते, स्प्रिंग दुमडतां येत नाहीं. ४० किलोग्रॅमच्या मुलास ‘पुढें मोठा होईलच’ म्हणून जड स्वाराची गाडी दिली, तर प्रत्येक खळग्यांत ती त्यास उधळते, आणि तो समजतो कीं आपलाच धीर कमी पडला. कित्येकदां बापासहि तसेंच वाटतें ! उलट, तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलाचें वजन वर्षभरांत पांच-सहा किलोग्रॅम सहज वाढतें, आणि गेल्या वर्षीं जुळलेली स्प्रिंग यंदा मऊ पडते. म्हणून हंगामाच्या आरंभीं आणि पुन्हां मध्यावर मोजणी नव्यानें घ्यावी. मुलाचें वजन, तिन्ही अंतरें आणि कड्याचे फेरे एका वहींत लिहून ठेवावे. दोन्ही आंकडे एका वेळीं जुळेनासे झाले, म्हणजे कडें फिरवीत बसूं नये; स्प्रिंग बदलावी.