घर ज्याच्या तालावर चालतं
(स्वमग्नता समजून घेताना : भाग १४)

स्वमग्नता आईमुळे होत नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण पुढच्या मजकुराचा भलता अर्थ काढला जाण्याची भीती आहे. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांनी एका गाजलेल्या पुस्तकात मुलांच्या स्वमग्नतेचं खापर मायाहीन आयांवर फोडलं. स्वतः अशा मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी त्याच्या तीन वर्षं आधीच ही कल्पना खोडून काढली होती. तरी आयांच्या मनात बसलेला अपराधीपणा काही निघाला नाही.

आणि अपराधी वाटणाऱ्या पालकाला ‘नाही’ म्हणणं फार जड जातं.

सुरुवात लहानशीच असते. मूल किंचाळतं, आई हातात मोबाइल देते, घर शांत होतं. त्या शांततेतून दोघंही शिकतात. ओरडलं की मिळतं, हे मुलगा शिकतो. दिलं की सुटका होते, हे आई. विशीत तोच मुलगा सहा फुटी झालेला असतो. पाहुणे येणं बंद झालेलं असतं, रात्री दोनला गरम पोळी लागते आणि वडील स्वतःच्या घरात दबक्या पावलांनी वावरतात. ‘त्याला कळत नाही हो,’ हे घरातलं ठरलेलं वाक्य. खरं तर आपण ओरडल्यावर काय होतं, हे त्याला फार नेमकं कळलेलं असतं. त्यात लबाडी नसते. त्याला दुसरं काही शिकवलेलंच नसतं.

येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ चिंताविकार असलेल्या मुलांवर उपचार करताना फक्त पालकांबरोबर काम करतात. मुलाच्या भीतीभोवती घराने घातलेले वळसे हळूहळू कमी करायचे, ही त्यांची पद्धत. ती चिंताविकारासाठी बेतलेली आहे, पण वळसे ओळखीचे वाटतील. मिक्सर लावण्याआधी मुलाला सांगणं, कानाला हेडफोन देणं ही मदत. मिक्सरच घरातून हद्दपार करणं ही माघार. आवाजाचा त्रास खरा असतो, म्हणून मदत हवीच.

आता डोनाल्ड ट्रिपलेटची गोष्ट. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरच्या १९४३ च्या निबंधात नोंदवलेल्या अकरा मुलांपैकी हा पहिला. मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा, जन्म १९३३ चा. आईवडिलांनी त्याला आधी संस्थेत ठेवलं, पण वर्षभरात परत आणलं. पुढे काही वर्षं तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. कॅनर तिथे गेले तेव्हा त्या दोघांची समज पाहून थक्क झाले. डोनाल्डला मोजमापाचं वेड होतं. त्याला विहीर खणायला लावून तिची खोली सांगायचं काम दिलं होतं. तो मेलेले पक्षी, किडे गोळा करायचा, तर त्यांच्या दफनासाठी जागा नेमून दिली. मक्याच्या ओळी मोजायच्याच असतील, तर नांगर धरून मोज! वेड मोडायला कुणी गेलं नाही, पण त्याच्यापुढे मानही तुकवली नाही.

डोनाल्ड १९५८ मध्ये पदवीधर झाला, बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी गाडी शिकला, एकट्याने जगभर हिंडला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी गेला. अर्थात, बँकेत घरच्यांची भागीदारी होती आणि गाव सांभाळून घेणारं होतं, हे विसरून चालणार नाही. त्याला बोलताही येत होतं. प्रत्येक मुलाकडून हे होणार नाही.

पण कॅनर यांनी १९७१ मध्ये त्या अकरा जणांचा पुन्हा शोध घेतला, तेव्हा सरकारी मनोरुग्णालयांत गेलेली मुलं असलेली चमकही गमावून बसलेली दिसली. तिथे त्यांच्याकडून कसली अपेक्षाच नव्हती. मला वाटतं, सगळं हातात देणारं प्रेमळ घरही इथेच त्या रुग्णालयासारखं होतं. प्रेम असतं, पण मागणी शून्य.

‘आमच्यानंतर याचं काय?’ असं विचारणाऱ्या पालकांनी एकच गोष्ट निवडावी. समजा, जेवणाची वेळ. ती चित्रात किंवा लिहून आधी दाखवा आणि घरातल्या सगळ्यांनी पाळा, आजीनेसुद्धा. पहिले काही दिवस आरडाओरडा वाढेल, तो धरून चाला. मधेच हार मानलीत, तर पुढचा हट्ट आणखी चिवट होईल. मुलगा अंगावर येत असेल, तर मात्र हे एकट्याने करू नका, आधी मानसोपचारतज्ज्ञाला गाठा.

(पुढील आठवड्यात : अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व)