नेमबाजीसाठी एन्फिल्ड घेताना

एन्फिल्ड हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं ते १८५७ च्या चरबी लावलेल्या काडतुसांमुळे. ती काडतुसं १८५३ च्या नमुन्याच्या ठासणीच्या रायफलीसाठी होती. पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी हीच रायफल लाखोंनी विकत घेतली. इंग्लंड-अमेरिकेतल्या मैदानांवर ती अजूनही वाजते, पण हौशी नेमबाजांच्या हातात बहुतेक वेळा नव्या घडणीची प्रतिकृती असते. माझ्या मते गोळी झाडायची असेल, तर नवीच घ्यावी आणि जुनी जपून ठेवावी.

खरी गोम नळीत आहे. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल धरते, त्यामुळे दीडशे वर्षांत जिथे हयगय झाली तिथे नळीला आतून गंजाचे खड्डे पडतात. एन्फिल्डचा नेम तर सगळा नळीच्या आतल्या बाजूवर अवलंबून. तिची गोळी शिशाची, मागून पोकळ. दारू पेटली की तिचा मागचा घेर फुगतो आणि नळीतल्या आट्यांना घट्ट धरतो. त्यासाठी शिसं मऊ, भेसळ नसलेलं हवं आणि गोळी नळीपेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश भागानेच लहान हवी. जास्त सैल असली तर ती पुरती फुगत नाही आणि कुठेही जाते. नळी म्हणायला .५७७ इंचांची, पण प्रतिकृतींमध्ये ती .५८० पर्यंतही भरते. म्हणून आधी नळी मोजून घ्यावी, गोळीचा साचा त्यानंतर घ्यावा. नवखे नेमके याच्या उलट करतात आणि मग बंदुकीला दोष देतात.

कुणाची घ्यावी? बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलने १९७० च्या दशकात मूळ मोजमापांवरून प्रतिकृती काढल्या. जुन्या बाजारात त्यांना आजही मान आहे आणि तो रास्त आहे. इटलीत ब्रेशाजवळच्या गार्दोने वाल त्रोंपिया भागात पेदेर्सोलीसारखे कारखाने अशा बंदुका बनवतात. दस्त्याचं लाकूड किंवा पितळेची चकाकी पाहून भुलू नये. नळीत दिवा सोडून आटे एकसारखे, स्वच्छ आहेत ना ते पाहावं. घोडा अर्ध्यावर चढवून तो तिथे पक्का अडकतो का, हेही तपासावं.

या रायफलीची मागची निशाणी १०० यार्डांपासून पुढच्या पल्ल्यांची आहे. अमेरिकेत यादवी युद्धकाळातल्या बंदुकांच्या स्पर्धा ५० यार्डांवरही होतात आणि तिथे गोळी वर लागते. उपाय म्हणजे पुढची माशी उंच करणं. संग्राहकाला हे पाहवणार नाही, कारण संगीनही माशीच्याच ठोकळ्याला अडकते. नेमबाजाने मात्र बेलाशक करावं. काहीही झालं तरी आधुनिक धूररहित दारू हिच्यात घालू नये. तिचा दाब ही नळी सोसणार नाही.

कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये मूळ बंदूक केवळ शोभेची म्हणून ठेवली तर परवाना लागत नाही, झाडायची म्हटलं की लागतो. झाडता येणाऱ्या प्रतिकृतीला तर लागतोच. भारतात चालू स्थितीतली ठासणीची बंदूकही परवान्याशिवाय ठेवता येत नाही. परवाना झाला, साचा आला, की गरम पाणी, साबण आणि तेल यांची सोय करावी, कारण संध्याकाळी मैदानावरून परतल्यावर त्याच रात्री नळी धुवावी लागते.