आज्ञाधारक यंत्र

संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी क्रमवार लिहिलेल्या सूचनांना मराठीत ‘आज्ञावली’ असे समर्पक नाव आहे. यंत्राचे सामर्थ्य व त्याची मर्यादा ही दोन्ही या एका शब्दात सामावली आहेत. यंत्र आज्ञा पाळते. आज्ञेमागील हेतू मात्र त्यास उमगत नाही. ‘दूध उतू जाते का ते पाहा,’ असे आई सांगते, तेव्हा ते उतू जाताना नुसते पाहत राहू नये, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही. यंत्रास तेही सांगावे लागते.

हे मर्म एडा लव्हलेस या विदुषीने फार पूर्वीच ओळखले होते. चार्ल्स बॅबेज यांनी योजलेल्या गणनयंत्राविषयी १८४३ साली लिहिलेल्या टिपांत तिने म्हटले आहे की, हे यंत्र स्वतः होऊन काही नवे निर्माण करणार नाही; जे करण्याची आज्ञा आपण त्यास देऊ शकू, तेवढेच ते करील.

पुढे विज्ञानकथाकारांनी हाच विचार कथारूपाने मांडला. ‘रोबो’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ वेठबिगारीचा अर्थ असलेल्या चेक शब्दात आहे. आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ साली ‘रनअराउंड’ या कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम घालून दिले: मनुष्यास इजा करू नये, त्याची आज्ञा पाळावी आणि स्वतःचे रक्षण करावे. नियम किती निर्दोष वाटतात! तरी त्याच कथेत बुध ग्रहावर सेलेनियम आणावयास धाडलेला यंत्रमानव आज्ञापालन व आत्मरक्षण यांच्या कात्रीत सापडतो आणि सेलेनियमच्या डबक्याभोवती नुसत्या प्रदक्षिणा घालीत राहतो. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘वामन परत न आला’ या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानवाचाच विषय हाताळला आहे.

या केवळ कल्पना नव्हेत. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोहोचताच नष्ट झाले. एका आज्ञावलीने रेट्याचे आकडे पौंडाच्या मापात दिले होते. ते वापरणाऱ्यांनी ते न्यूटनच्या मापातले मानले. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. यंत्राने आकडेमोड बिनचूक केली. परंतु माप कोणते, हे विचारण्याचे काम त्याचे नव्हते.

याहून भयंकर प्रसंग २६ सप्टेंबर १९८३ रोजी ओढवला होता. अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रे सोडल्याची सूचना सोव्हिएत संघाच्या संगणकाने दिली. पहाऱ्यावरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला: खरोखर युद्ध आरंभावयाचे, तर कोणी पाचच क्षेपणास्त्रे सोडील काय? त्यांनी ती सूचना खोटी ठरविली, आणि ती खोटीच निघाली. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहास फसविले होते. त्या रात्री यंत्र आपल्या आज्ञावलीप्रमाणेच वागले. विवेक मात्र मनुष्याने दाखविला.

२०२२ सालापासून तर निबंध लिहून देणारी यंत्रेही सर्वांच्या हाती आली आहेत. त्यांना प्रत्येक पायरी कोणी लिहून दिलेली नसते. मनुष्यांनी लिहिलेल्या अफाट मजकुरातून शब्दांची संगती टिपून ती उत्तर रचतात. म्हणूनच खरे आणि खोटे ती सारख्याच सफाईने सांगू शकतात. तेव्हा विद्यार्थ्यांनी या यंत्रांस भिऊ नये व त्यांची पूजाही करू नये. त्यांचा उपयोग अवश्य करावा. मात्र आपण नेमके काय विचारले, यंत्राने काय दिले आणि ते खरे कशावरून, हे तीन प्रश्न स्वतःस विचारल्यावाचून कोणतेही उत्तर वहीत उतरवू नये. आज्ञा पाळणे यंत्रास साधले आहे. तिचे उत्तरदायित्व आजही आपलेच आहे.